जंगलपट्ट्यातला इंग्रजीचा तास

मराठी माध्यमाच्या शाळांसाठी बोर्डाने इंग्रजीला तृतीय भाषेचं स्थान दिलं आहे. भामरागडच्या माडिया मुलीच्या हिशेबात मात्र ती चौथी येते. घरात आणि रानात माडिया, शाळेत मराठी, आठवडी बाजारात आणि मोबाइलवर हिंदी, आणि त्यानंतर इंग्रजी. सिरोंच्याकडे घरची भाषा तेलुगू, मुलचेरा आणि चामोर्शीकडच्या निर्वासित वसाहतींत बंगाली, कोरचीत छत्तीसगढी. चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरावर कोलामी, गोंडी आणि बंजारा बोली बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडे मराठीच, पण ती झाडीबोलीच्या वळणाची. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला, तरी या भाषांनी जिल्ह्याची हद्द कधी मानली नाही.

म्हणजे ही मुलं भाषा शिकण्यात कच्ची नाहीत. बारा वर्षांचं मूल तीन भाषांत सहज व्यवहार करत असेल, तर चौथी भाषा शिकण्याची ताकद त्याच्यात आहेच. महाराष्ट्रात जून २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते, त्यामुळे नववीत आलेल्या मुलाची इंग्रजीची आठ वर्षं झालेली असतात. तरीही साधा चार ओळींचा अनोळखी उतारा समोर ठेवला तर वर्गातली बरीच मुलं मान खाली घालतात. आठ वर्षं शिकूनही हे होत असेल, तर दोष मुलांच्या बुद्धीत शोधू नये. आपण त्यांना काय करायला लावतो, ते पाहायला हवं.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की या दोन जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांत इंग्रजीच्या तासाला पहिला मान वाचनाला मिळावा. हे वाचन सोपं, भरपूर आणि अर्थासकट असावं, आणि लेखन मुलांच्या स्वतःच्या जगण्यातून उगवावं. यामागची कारणं आणि रीत पुढे सविस्तर मांडतो.

पेन्सिलीच्या दोन ओळी

वरच्या वर्गातल्या मुलाकडून खालच्या वर्गात आलेलं इंग्रजीचं जुनं पाठ्यपुस्तक उघडून पाहिलं, की वर्गात काय चालतं ते कळतं. छापील ओळीच्या वर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, देवनागरीत उच्चार लिहिलेला असतो. खाली, जागा मिळेल तिथे, शब्दांचे मराठी अर्थ दाटीवाटीने बसवलेले असतात. सर धडा वाचतात, ओळीओळीचा अर्थ सांगतात, मुलं टिपून घेतात. मग एकेकाला उभं करून वाचायला लावतात. मूल न अडखळता वाचतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण त्याची नजर पेन्सिलीच्या ओळीवर असते. छापील इंग्रजीशी त्याची गाठ पडलेलीच नसते. धडा संपला की प्रश्नोत्तरं फळ्यावर येतात, फळ्यावरून वहीत जातात आणि वहीतून पाठ होतात.

यात शिक्षकाचा आळस शोधण्यात अर्थ नाही. वर्ग भरलेला असतो, तास जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा असतो, अभ्यासक्रम संपवायचा असतो, दहावीच्या निकालाची टांगती तलवार असते. धडा लवकर हातावेगळा करायचा तर ओळीओळीचं भाषांतर हाच सर्वांत जवळचा रस्ता वाटतो. पण तो रस्ता आता परीक्षेपर्यंतही नीट पोचत नाही. बोर्डाच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत पुस्तकाबाहेरचा उतारा असतो, त्याचा सारांश लिहायचा असतो. पत्र लिहायचं असतं, भाषण किंवा संवाद तयार करायचा असतो, तक्त्यावरून किंवा आकृतीवरून परिच्छेद लिहायचा असतो, बातमी किंवा गोष्ट रचायची असते, शेवटी इंग्रजीतून आपल्या माध्यमभाषेत भाषांतरही असतं. यातलं बरंचसं धडा पाठ करून सुटत नाही. कागदावर अभ्यासक्रमाने वाचन आणि लेखन ही कौशल्यं मानली आहेत, वर्गात मात्र अजून ती घोकंपट्टीतच अडकली आहेत.

वाचन नेमकं कुठे अडतं

वाचन म्हणजे काय, याचं एक अतिशय उपयोगी उत्तर फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये दिलं. त्यांच्या मते वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे. एक, छापील अक्षरांवरून शब्द ओळखता येणं. दोन, तोच मजकूर कोणी बोलून दाखवला तर तो समजणं. इथे त्यांनी बेरीज वापरली नाही, गुणाकार वापरला, आणि तेच महत्त्वाचं आहे. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच येतं. पेन्सिलीची ओळ खडाखडा वाचणाऱ्या मुलाला शब्द ओळखण्याची बाजू उसनी मिळालेली असते आणि समजण्याची बाजू रिकामी असते. पदरात काही पडत नाही.

ही अडचण एकट्या जंगलपट्ट्याची नाही. २०२३ च्या 'असर' सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना साधी इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. ५७.३ टक्क्यांना ती वाचता आली. वाचता आलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना अर्थ सांगता आला. म्हणजे एकूण दहातल्या साधारण चारच जणांनी वाक्य वाचलं आणि त्यांना ते कळलंही. त्याच सर्वेक्षणात सुमारे पाव मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता आला नाही. तिथे इंग्रजीच्या शिक्षकापुढची अडचण दुहेरी होते.

उपचाराआधी निदान हवं, आणि ते कोणत्याही शिक्षकाला चार-पाच मिनिटांत करता येतं. मुलाला अनोळखी, सोपा, सहा-सात ओळींचा उतारा द्या. त्याने मनात वाचावा आणि जे कळलं ते मराठीत, गोंडीत, हवं त्या भाषेत सांगावं. नाही सांगता आलं तर तोच उतारा शिक्षकाने सावकाश, हावभावांसह वाचून दाखवावा. ऐकून समजला, तर मुलाची अडचण अक्षरांत आहे. ऐकूनही समजला नाही, तर अडचण भाषेत आहे, शब्द आणि वाक्यरचना कमी पडते आहे. दोन्ही अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत. आज आपण दोन्हींवर एकच औषध देतो, ते म्हणजे आणखी एक धडा.

अक्षरांची अडचण आठवी-नववीतही असते, हे मान्य करायला शाळा संकोचतात. वास्तविक त्यात लाजण्यासारखं काही नाही. देवनागरीत क दिसला की क म्हणायचा, एवढ्या नियमावर मूल मराठी वाचायला शिकतं. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा भार आहे. 'सी' हे अक्षर कॅटमध्ये क होतं आणि सिटीमध्ये स. ओ-यू-जी-एच ही चौकडी टफमध्ये एक उच्चार देते, थ्रूमध्ये दुसरा आणि दोमध्ये तिसरा. प्राथमिक शाळेत मूल अक्षरांची नावं शिकतं, त्यांचे ध्वनी त्याला कोणी नीटसे शिकवलेलेच नसतात. म्हणून सी, ए, टी अशी अक्षरं तोंडपाठ म्हणूनही त्यातून 'कॅट' निघत नाही.

याला उपाय आहे, आणि मोठ्या मुलांना तो लहानांपेक्षा लवकर लागू पडतो, कारण त्यांना नियम समजतो. कॅट, बॅट, रॅट, मॅट, हॅट अशी शब्दांची घराणी करून शिकवायची. मग शेवटचा मुका 'ई' आणायचा. कॅपच्या शेवटी तो आला की केप, किटच्या शेवटी आला की काइट. रोज दहा मिनिटं, काही आठवडे, एवढ्यात बरंच अंतर कापलं जातं. द, वॉज, सेड, देअर यांसारखे नियमाबाहेरचे पण पावलोपावली भेटणारे शब्द पाहूनच ओळखण्याचा सराव वेगळा. आणि एक पथ्य कडक पाळायचं, पुस्तकात उच्चार देवनागरीत लिहायचा नाही. अर्थ लिहिला तरी चालेल. उच्चार लिहिला की डोळा इंग्रजी अक्षरांकडे जाणं थांबतं.

ढाक्यात सापडलेलं सूत्र

भाषेच्या अडचणीचा विचार करताना शंभर वर्षांपूर्वीच्या ढाक्याला जायला हवं. मायकल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी तिथल्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होते. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी त्यांच्या हाती काही राहत नाही, हे त्यांना सलत होतं. १९२६ मध्ये त्यांचा द्विभाषिकतेवरचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी जो प्रश्न विचारला, तो आजच्या गडचिरोलीत जसाच्या तसा विचारता येतो. मूल मध्येच शाळा सोडून गेलं, तर तोवर शिकलेल्या इंग्रजीचा त्याला काय उपयोग?

वेस्ट यांनी त्यासाठी विम्याच्या व्यवहारातली कल्पना घेतली. मुदतीआधी पॉलिसी मोडली तर हाती किती रक्कम येते, ती सरेंडर व्हॅल्यू. व्याकरणाचे अर्धवट नियम, पाठ केलेली संभाषणं, घोकलेले निबंध यांची सरेंडर व्हॅल्यू जवळपास शून्य. वाचनाची मात्र पहिल्या टप्प्यापासून काही ना काही किंमत असते, कारण थोडं वाचता येणाऱ्याला थोडा उपयोग होतोच, आणि शाळा सुटली तरी वाचन त्याचं तो वाढवू शकतो.

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात हा मुद्दा तातडीचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कित्येक कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. मोहाची फुलं वेचायचा हंगाम त्याच सुमारास येतो, पाठोपाठ तेंदूपत्ता, आणि पावसाळ्यात धानाची रोवणी. काही मुलांची, विशेषतः मुलींची, शाळा आठवीत सुटते, काहींची दहावीत. त्या मुलीच्या हातात इंग्रजीचं काय राहावं? औषधाच्या पाकिटावरची मुदत आणि सूचना, बँकेचा आणि दाखल्याचा फॉर्म, मोबाइलवर आलेला संदेश, खताच्या पिशवीवरचा मजकूर, खाणीच्या दारावरची धोक्याची पाटी, हे वाचून कळावं, एवढं तरी राहायलाच हवं. पुढे शिकणाऱ्या मुलालाही हाच पाया लागतो. नर्सिंग असो, आयटीआय असो की गोंडवाना विद्यापीठातली पदवी, इंग्रजी बोलण्याआधी इंग्रजी वाचावं लागतं.

वेस्ट यांनी दुसरी गोष्ट मोजून सांगितली. मुलाने मजकूर समजून वाचायचा असेल, तर पन्नास शब्दांत अनोळखी शब्द एकापेक्षा जास्त नसावा. पुढे २००० साली हू आणि पॉल नेशन यांच्या अभ्यासात आधाराशिवाय समजून वाचण्यासाठी मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं दिसलं. पन्नासात एक म्हणजे नेमके तेच ९८ टक्के. आता नववीच्या पाठ्यपुस्तकाचं कुठलंही पान घ्या आणि आपल्या वर्गातल्या मुलीला अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. एका ओळीत तीन-तीन रेघा पडतात. इतके अनोळखी शब्द असतील तर वाचन होतच नाही, नुसतं शब्द शोधणं होतं. त्या पानावर मुलीला दोष देण्यासारखं काही नाही. ते पान तिच्यासाठी अजून दोन-तीन पायऱ्या वर आहे, आणि मधल्या पायऱ्या आपण बांधलेल्या नाहीत.

वेस्ट यांनी त्या पायऱ्या बांधल्या. मोजक्या शब्दांत लिहिलेली, नवे शब्द हळूहळू आणणारी आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटवणारी वाचनमाला त्यांनी तयार केली. १९५३ मध्ये त्यांनी संपादित केलेली सुमारे दोन हजार सर्वोपयोगी इंग्रजी शब्दांची यादी आली. ही यादी आजही शिक्षकाच्या कामाची आहे. दहावीपर्यंत मुलाला या दोन हजार शब्दांशी मैत्री करून देता आली, तर साध्या इंग्रजी मजकुराचा मोठा हिस्सा त्याच्या कवेत येतो.

पुस्तकांचा पूर

शब्द याद्या घोकून येत नाहीत, भेटून येतात. याचा सर्वांत बोलका पुरावा फिजी बेटांवरचा आहे. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तिथल्या ग्रामीण शाळांत एक प्रयोग केला. मुलांच्या घरी फिजियन किंवा हिंदी बोलत, घरात इंग्रजी पुस्तकं जवळपास नसत. आठ शाळांच्या चौथी-पाचवीच्या वर्गांत प्रत्येकी सुमारे २५० चित्रमय, रंजक इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली. काही वर्गांत शिक्षक ती मोठ्याने वाचून मुलांशी बोलत, काही वर्गांत मुलं रोज वीस-तीस मिनिटं मनात वाचत. इतर शाळांत नेहमीचंच शिकवणं चालू राहिलं. १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुस्तकं मिळालेल्या मुलांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती. दुसऱ्या वर्षाअखेर तर त्यांचं लेखन आणि व्याकरणही पुढे गेलं होतं. लेखन वेगळं न शिकवता वाचनामुळे सुधारलं, हे विशेष.

फिजीची ती खेडी आणि कुरखेडा-धानोऱ्याची खेडी यांत साम्य बरंच आहे. घरची भाषा वेगळी, घरात छापील कागद कमी, शिक्षक इंग्रजीत पारंगत नाही. तरी पुस्तकांनी काम केलं. आपल्याकडे शाळेचं वाचनालय म्हणजे बऱ्याचदा कुलूपबंद कपाट असतं आणि त्यातली इंग्रजी पुस्तकं एकतर जाड असतात, नाहीतर स्पर्धा परीक्षेची. आठवी-नववीच्या मुलांना हवीत ती पातळ, चित्रांची, एका बैठकीत संपणारी पुस्तकं. ती मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या मुक्त संग्रहात पायरीपायरीने लावलेल्या शेकडो इंग्रजी गोष्टी मोफत आहेत, त्यातल्या बऱ्याच मराठीतही आहेत, आणि गोंडीतल्याही आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं स्वस्त आहेत. गडचिरोली पोलिसांनी 'एक गाव एक वाचनालय' उपक्रमातून दुर्गम गावांत वाचनालयं उघडली आहेत, त्यांतल्या एका फळीवर सोपी इंग्रजी पुस्तकं सहज बसतील. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीत याच जंगलांतला बांबू कित्येक दशकं गेला. त्या कागदातला थोडा तरी गोष्टींची पुस्तकं होऊन इथल्या मुलांच्या हाती यायला हवा, ही मागणी मोठी नाही.

निवासी आश्रमशाळांना तर इथे मोठी संधी आहे. संध्याकाळच्या अभ्यासिकेत मुलं वहीतली उत्तरं पुन्हा वहीत उतरवत असतात. त्यातली वीस मिनिटं वाचनाला दिली, तर वर्षभरात एकेका मुलाची कित्येक पुस्तकं होतात. त्या वीस मिनिटांना तीनच नियम पुरतात. पुस्तक मुलाने निवडावं, आवडलं नाही तर बदलावं, आणि वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नये. शेजारच्या मित्राला गोष्ट सांगितली की झालं.

मोहाच्या झाडाखालचा परिच्छेद

आता लेखन. वर्गातलं इंग्रजी लेखन बहुधा गाइडमधून येतं. समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी, बागेतला फेरफटका, आवडता क्रिकेटपटू. समुद्र न पाहिलेलं मूल समुद्रावरचा निबंध घोकतं आणि परीक्षेत एक ओळ विसरली की सगळा निबंध कोसळतो. त्याच मुलाला मोहाबद्दल इतकं माहीत असतं की ते तासभर बोलेल. लेखनाची सुरुवात तिथून व्हावी. एक तास जवळून पाहू.

शिक्षक विचारतात, मोहा कसा वेचता? मुलं आधी आपल्या भाषेत बोलतात, आणि बोलू द्यायचं. फुलं पहाटे गळतात, उजाडायच्या आत जावं लागतं, टोपली लागते, अंगणात वाळवावी लागतात, पाऊस आला तर माल काळा पडतो, बाजारात विकतात. झाडाखालचा पाला जाळल्याने कधीकधी वणवा लागतो, हेही कोणीतरी सांगतं. शिक्षक फळ्यावर पाच रकाने आखतात. कोण, करतं, काय, कुठे, केव्हा. हा क्रम मुद्दाम असा आहे. मराठीत आपण 'आई पहाटे रानात मोहा वेचते' म्हणतो, क्रियापद शेवटी येतं. गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, या सगळ्या भाषांतही ते शेवटीच येतं. म्हणून मूल इंग्रजीत 'माय मदर मोहा पिक' असं लिहितं. यात निष्काळजीपणा नाही, त्याच्या भाषांचा नियम ते इमानाने पाळतं आहे. इंग्रजीत करणाऱ्यापाठोपाठ क्रिया येते, हे रकान्यांत एकदा दिसलं, की मुलं स्वतःच शब्द हलवायला लागतात.

हळूहळू फळ्यावर वर्गाचा परिच्छेद उभा राहतो. 'द मोहा फ्लॉवर्स फॉल बिफोर सनराइज. वुई पिक देम फ्रॉम द ग्राउंड. माय मदर ड्राइज देम इन द सन. वुई सेल देम इन द मार्केट.' चार वाक्यं, एकही अवघड शब्द नाही, आणि प्रत्येक वाक्य खरं. हा परिच्छेद सगळे वाचतात. मग शिक्षक तो पुसून टाकतात. आता प्रत्येकाने आपलं लिहायचं. मोहाच पाहिजे असं नाही. तेंदूपत्ता चालेल, मासे पकडणं चालेल, रोवणी चालेल. साचा वर्गाचा, मजकूर ज्याचा त्याचा.

तपासणीची रीतही बदलायला हवी. लाल पेनाने भरलेलं पान परत मिळालं की मूल पुढच्या वेळी कमी लिहितं, कारण कमी लिहिलं की चुका कमी. त्यापेक्षा एका वेळी एकच चूक धरावी. या आठवड्यात शब्दांचा क्रम, पुढच्या आठवड्यात क्रियापदाचा शेवटचा 'एस', त्यानंतर 'अ' आणि 'द'. ही उपपदं मराठीत नाहीत, गोंडीतही नाहीत, म्हणून ती सर्वांत उशिरा बसतात. गोंडी, माडिया आणि कोलामी बोलणारं मूल आईसाठी 'शी'च्या जागी 'इट' लिहून जातं, कारण त्यांच्या एकवचनात पुरुषासाठी एक सर्वनाम आणि स्त्री व वस्तूंसाठी मिळून दुसरं असतं. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे, तो रागावणार नाही. तो 'ही, शी, इट' यांच्यावर एक वेगळा तास घेईल. पहिला खर्डा तपासल्यावर दुसरा लिहून घ्यायचाच. सुधारलेलं लेखन स्वतःच्या हाताने पुन्हा उतरवल्याशिवाय सुधारणा हातात बसत नाही.

आणि लेखनाला वाचक हवा. फक्त गुण देण्यासाठी वाचणारे सर हा खरा वाचक नव्हे. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर देशोदेशींचे पर्यटक येतात. त्या भागातल्या शाळेला पक्ष्यांबद्दल, झाडांबद्दल, गावाबद्दल दोन भाषांतले फलक लिहिता येतील. ग्रामसभेच्या तेंदूच्या हिशेबाचा तक्ता घेऊन त्यावर परिच्छेद लिहिला, तर बोर्डाचा तक्त्यावरून लेखनाचा प्रश्न आपोआप तयार होतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. त्यामागे गावाच्या अभ्यासगटाची वर्षानुवर्षांची सवय होती. एकत्र बसायचं, विषय समजून घ्यायचा, चर्चा करायची, ठराव करायचा. वाचनलेखनाची ताकद या जिल्ह्याने स्वतः पाहिली आहे. इंग्रजीचा तास त्या परंपरेशी जोडायला हवा.

घरची भाषा अडसर नाही

इंग्रजीच्या तासाला इंग्रजीशिवाय काही बोलायचं नाही, असा दंडक काही शाळांत असतो. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. ज्यांना येतं ते बोलतात, बाकीचा वर्ग गप्प होतो. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं, की मुलाच्या दोन भाषा एकमेकींना आधार देतात. पहिल्या भाषेत मूल अनुमान करायला, मुद्दा शोधायला, गोष्टीचा क्रम लावायला शिकलं असेल, तर ती कौशल्यं दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागत नाहीत. पण पहिल्या भाषेत हे कौशल्य वाढलंच नसेल, तर दुसरीत ते कशाच्या आधारावर उभं राहणार? सारांश लिहिता येत नाही, ही बऱ्याचदा इंग्रजीची अडचण नसते. त्या मुलाने मराठीतही कधी सारांश केलेला नसतो.

हे सत्य या भागातल्या माणसांना अनुभवाने माहीत आहे. १९७३ मध्ये हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया शिकावी लागली. मग उपचार सुरू झाले, आणि १९७६ मध्ये शाळा. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा उघडली. घरच्या भाषेत शिकण्याची मागणी आणि इंग्रजीची मागणी या एकमेकींच्या विरोधात नाहीत. गावाला दोन्ही हव्या आहेत आणि दोन्ही मिळू शकतात.

माडिया न येणाऱ्या शिक्षकालाही हे करता येतं. उतारा वाचून झाला की मुलांनी दोघादोघांनी आपल्या भाषेत त्यावर बोलावं, मग मराठीत सांगावं, शेवटी दोन ओळी इंग्रजीत लिहाव्यात. शिक्षकाला प्रत्येक शब्द कळायलाच हवा असं नाही. दोघांचं बोलणं रंगलं की नाही, त्यावरून बरंच कळतं. गोष्ट आजीकडून तिच्या भाषेत ऐकायची, वर्गात मराठीत सांगायची आणि पाच वाक्यांत इंग्रजीत लिहायची, हा प्रकल्प वर्षभर पुरतो, आणि बोर्डाच्या भाषांतराच्या प्रश्नाचाही सराव होतो.

जून ते मार्च

हे सगळं करायला वेगळा निधी किंवा वेगळा आदेश लागत नाही. मुख्याध्यापक आणि इंग्रजीचे शिक्षक यांनी जूनमध्ये बसून ठरवलं तर एवढं होतं. पहिल्या पंधरवड्यात आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाचं निदान. अक्षरात अडलेल्यांसाठी दिवाळीपर्यंत रोज दहा मिनिटांचा ध्वनिसराव. आठवड्यातल्या तासांपैकी एक पूर्ण तास फक्त मुक्त वाचनाला आणि एक लेखनाला. पाठ्यपुस्तकातले सगळे धडे सारख्याच खोलात न शिकवता काही सविस्तर, काही निव्वळ वाचण्यासाठी. मार्च-एप्रिलच्या हंगामात गावी जाणाऱ्या मुलांसोबत दोन पातळ पुस्तकं. आणि जवळच्या चार-पाच शाळांतल्या इंग्रजी शिक्षकांची महिन्यातून एकदा बैठक, जिथे भाषणं न होता मुलांच्या वह्या उघडून पाहिल्या जातील. राज्यात माध्यमिक इंग्रजी शिक्षकांसाठी मोठे प्रशिक्षण कार्यक्रम झाले आहेत, पण प्रशिक्षण वर्गात उतरतं ते अशा छोट्या, नेमाने भरणाऱ्या बैठकांतून.

निकाल मोजायची पट्टीही बदलावी. दहावीच्या टक्केवारीबरोबर शाळेने दोन गोष्टींची नोंद ठेवावी. प्रत्येक मुलाने वर्षात इंग्रजीतली किती पुस्तकं स्वतःहून संपवली, आणि कोणाचीही नक्कल न करता, दोनदा सुधारून, किती परिच्छेद लिहिले. मुलगी आठवीत शाळा सोडून गेली तरी या दोन गोष्टी तिच्यासोबत जातात, आणि दहावीनंतर नागपूरला किंवा पुण्याला गेली तरी त्याच तिच्या कामी येतात. या जिल्ह्यांतल्या मुलांना इंग्रजी येत नाही, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच असेल, जेव्हा आपण त्यांना वाचण्याजोगं पुरेसं वाचायला दिलेलं असेल आणि त्यांना स्वतःचं काही लिहू दिलेलं असेल. तोवर काम शाळेचं आणि आपलं बाकी आहे, आणि ते येत्या जूनपासून सुरू करता येईल.